जमीन पास झाली

१४ मे

ठके,

माझं अक्षर दिसलं की पाकीट न उघडताच फाडशील, म्हणून पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतला. लबाडी आहे, मान्य. पण आता उघडलंच आहेस तर एक ओळ वाच, पुढचं वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव.

मिस्त्रींची जमीन पास झाली.

तीच जमीन. त्या खेळाच्या हॉलमधली, तुझ्या नवऱ्याने तीन महिने गुडघे टेकून फळी फळी जुळवत घातलेली, आणि नऊ वर्षांपूर्वी मी एका सकाळी नापास केलेली. काल मी तिच्यावर पुन्हा बास्केटबॉलचा चेंडू टाकून उसळी मोजली. पाच जागा, प्रत्येक जागी पाच वेळा. काँक्रीटवरच्या उसळीच्या नव्वद टक्क्यांना पास असते. शहाण्णव आले. मी तिपाई उचलून पुन्हा मांडली, उंची मोजायची पट्टी ओळंब्यात आहे का ते पाहिलं, सगळं पहिल्यापासून केलं. शहाण्णव.

तुला वाटत असेल, नापास जमीन इतकी वर्षं राहिली कशी? उखडायला कोणी पुढे आलंच नाही. वरून जाजम अंथरलं आणि सभा, परीक्षा असलं काहीबाही चालू ठेवलं. आता नवी समिती आलीय, तिला पुन्हा खेळ सुरू करायचेत, म्हणून जाजम काढून चाचणी मागितली. ऑफिसात मी एकटाच मोकळा होतो. साहेबांनी जरा चाचरत विचारलं, "तुम्ही जाल का?" मी म्हटलं, मला काय, जागा ती जागा. खरं सांगू? मला जायचंच होतं. पुन्हा एकदा नापास झाली की निवृत्त होताना मनाला टोचणी राहणार नाही, असा माझा हिशोबी विचार होता.

आणि हे असं झालं. मी रखवालदाराला विचारलं, मध्ये कोणी जमीन बदलली का? तो हसायलाच लागला. "कोण बदलणार साहेब? इथे दिवा बदलायला सहा महिने लागतात." तरी मी कोपऱ्यातली, भिंतीलगतची लाकडी पट्टी काढून पाहिली. खाली मिस्त्रींनी पेन्सिलीने घातलेले फळ्यांचे आकडे होते. त्यांचा तो शेपूट वळवलेला सात मी कुठेही ओळखेन.

धक्का बसला की पायाखालची जमीन सरकली असं आपण म्हणतो. माझ्या पायाखालची जागच्या जागी पक्की होती, हाच तर धक्का. लाकूड काही पश्चात्ताप होऊन सुधारत नाही. जमीन आज चांगली आहे तर तेव्हाही चांगलीच होती. मग तेव्हा काय चुकलं? ते मला अजून कळलेलं नाही.

तुझा दादा
(हा शब्द चालत नसेल तर खोडून टाक.)


१६ मे

ठके,

तुझं उत्तर आलेलं नाही, येईल असं धरलंही नव्हतं. पण कळलं आहे, आणि ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

लहानपणी तू जिन्यावरून चेंडू टाकायचीस आणि विचारायचीस, "दादा, हा परत माझ्या हातात का येत नाही?" मी म्हणायचो, दमतो बिचारा. पुढे त्याच उत्तराला जरा लांबण लावून मी पस्तीस वर्षं पोट भरलं. चेंडू एकशे ऐंशी सेंटिमीटरवरून सोडला की काँक्रीटवरून तो एकशे पाचपर्यंत वर येतो. बाकीचा जोर जातो कुठे? आदळला की चेंडू चपटा होतो, मग पुन्हा गोल होतो. त्या दबण्या-फुगण्यात रबराची आतल्या आत घासाघीस होते आणि बराचसा जोर उष्णता होऊन बसतो. चेंडू बराच वेळ आपटत राहा, हाताला किंचित कोमट लागेल. थोडा जोर 'टप्प' अशा आवाजात जातो, थोडा जमीन हादरवण्यात. नाहीसं काहीच होत नाही, पण वर चढायच्या कामाचं उरत नाही. लाकडी जमीन स्वतःही जराशी दबते आणि आपला वाटा घेते. तो वाटा फार मोठा असला की जमीन नापास. एवढंच माझं काम.

आता ऐक. चेंडू थंड असला तर आतली हवा आकसते आणि रबर आळशी होतं. दबलं की परत उठायला कुरकुरतं. मग चेंडूच जास्त जोर गिळतो. जमीन कितीही चांगली असो, तो वर येत नाही.

काल सकाळी मी चेंडू ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवला, लोकांच्या डब्यांच्या मधोमध. "काटेसाहेब, चेंडूला ताप आला का?" असं विचारून घेतलं सगळ्यांनी. (मला इथे काटा म्हणतात हे तुला ठाऊक आहे. तोंडावर काटेसाहेब, पाठीमागे नुसता काटा.) दुपारी काढला, काँक्रीटवर सोडला. एकशे पाचच्या जागी ब्याण्णव. सात वेळा सोडला, सातही वेळा ब्याण्णवच्या आसपास.

मग कागदावर आकडेमोड केली. मिस्त्रींची जमीन शहाण्णव टक्के देते. ब्याण्णवचे शहाण्णव टक्के म्हणजे अठ्ठ्याऐंशी. नऊ वर्षांपूर्वीच्या माझ्या अहवालात आकडा होता अठ्ठ्याऐंशी. सेंटिमीटरला सेंटिमीटर जुळला ठके. मी खुर्चीत बसलो तो शिपाई पंखा बंद करायला येईपर्यंत उठलो नाही.

पट्टीवर दिसतं ते किती हरवलं एवढंच. कोणी गिळलं ते पट्टीला कळत नाही, ते माणसाने पाहायचं असतं. चेंडूने गिळलेलं मी जमिनीच्या माथी मारलं, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या.

त्या जानेवारीत चेंडू रात्री गाडीत राहून गेला असावा. घाईत होतो. माणूस आहे, विसरतो.

दादा


२५ मे

ठके,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांत पहिलं, आणि एकाच ओळीचं: "चेंडू रात्री आत ठेवा असं तुला कोणी सांगितलं होतं, तेवढं लिही."

तुझ्या वहिनीने ते माझ्या हातात दिलं आणि समोरच उभी राहिली. म्हणाली, "आता तरी सांगा. पट्टी नाही आहात तुम्ही, माणूस आहात." गेले चार दिवस ती रोज विचारते, लिहिलं का. आज लिहितोय.

मी विसरलो नव्हतो.

पहिल्यापासून सांगतो. ते काम नात्यातलं म्हणून साहेब दुसऱ्याला पाठवणार होते. मीच हट्ट धरला. सगळ्यांसमोर म्हणालो, काट्याला मेहुणा नसतो. लोक हसले, मला भारी वाटलं. आदल्या संध्याकाळी तिथे पोचलो तर मिस्त्री हॉलच्या दारात हात चोळत उभे. कडाक्याची थंडी होती. म्हणाले, "दादा, सामान आतच ठेवा. हॉल उबदार आहे, बाहेर चेंडू गारठेल. गारठला तर उसळायचा नाही."

शब्दाला शब्द असंच म्हणाले. आमच्या नियमातही तेच आहे: चेंडू चाचणीच्या जागी आधी तीन तास ठेवावा. हा नियम मी नव्या लोकांना शिकवतो. पण ते सुतारकाम करणारे गृहस्थ, त्यांना चेंडूचं काय कळतं, असं मला वाटलं. आणि पुढचं तर लिहायलाही लाज वाटते. मला वाटलं, याला रात्रभर माझा चेंडू हवा आहे. हवा कमी-जास्त करील. मी म्हटलं, "माझा चेंडू माझ्याकडेच राहील." त्यांनी चहा पुढे केला तोही घेतला नाही. गाडीला कुलूप लावून मुक्कामाला गेलो. सकाळी आठला चेंडू काढला तो हातमोज्यातून. थंड आहे हे हाताला कळूच दिलं नाही.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. मिस्त्रींना पुढे कामं का मिळाली नाहीत, असं तू आईपाशी रडून विचारायचीस. एका नापास जमिनीने धंदा बसत नाही. लोक दुरुस्त करून घेतात आणि पुढे जातात. मी अहवालाच्या शेऱ्यात एक ओळ लिहिली होती: "ठेकेदाराने चाचणीचे साहित्य रात्रभर आपल्या ताब्यात मागितले, नकार देऊन ते वाहनात कुलूपबंद ठेवले." अहवाल चार ऑफिसांत फिरला. ज्याने वाचला त्याने काय समजायचं ते समजून घेतलं. मिस्त्रींना लबाड ठरवलं ते जगाने नव्हे, मी. आईच्या शेवटच्या आजारपणात समोरासमोर येऊ नये म्हणून आपण पाळ्या लावून भेटायला जायचो. तेव्हाही ही ओळ माझ्या पोटात होती. मी ती योग्यच समजत होतो.

परवा जुनी फाइल काढली. त्याच कागदावर वर एक चौकोन आहे: "चेंडू चाचणीच्या जागी तीन तास ठेवला होता." त्यात 'होय'ची खूण आहे, माझ्या हातची. सवयीने केलेली. वर लिहिलंय तीन तास आत होता, खाली लिहिलंय रात्रभर गाडीत होता. वीतभर अंतर. नऊ वर्षांत एकाही माणसाने हे दोन्ही एकदम वाचलं नाही. मीही नाही. कारण काटा चुकत नाही, हे सगळ्यांना पाठ होतं.

शिव्या घालायच्या असतील तर पानं भरून घाल. कार्डात मावणार नाहीत.

दादा


३ जून

ठके,

तू शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

मी तुझं पत्र तीनदा वाचलं, मग वहिनीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं, कारण मला त्यातलं एक वाक्य खरं वाटेना. तिने वाचलं आणि तीही मध्येच थांबली. तू लिहिलं आहेस, "भांडण माझं होतं दादा. त्यांचं तुझ्याशी कधीच नव्हतं. मी तुझ्यावर चिडले की तेच मला गप्प करायचे. म्हणायचे, तुझ्या भावाचा काटा चुकत नाही, माझाच हात गेला."

हात गेला! मी इतकी वर्षं समजत होतो की तिकडे माझ्या नावाने बोटं मोडली जात असतील. मला ते सोपं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणून मी निवांत झोपत होतो. आणि तो माणूस घरात बसून स्वतःच्या हातांकडे बघत होता. रंधा, करवत, सगळं त्यांनी विकून टाकलं ते कामं मिळत नव्हती म्हणून, असं मी धरून चाललो होतो. तू लिहितेस, दोन-चार ओळखीच्या लोकांनी घरी येऊन बोलावलं होतं, पण हेच गेले नाहीत. "कोणाच्या पोराचा पाय माझ्या जमिनीवर मोडला तर?" म्हणाले. आणि गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागले. नऊ वर्षं चिठ्ठ्या, ठके! ज्याला दोन फळ्यांमधली फट डोळे मिटून बोटाने कळायची तो माणूस!

मी त्यांची कामं घालवली, एवढंच मला ठाऊक होतं. त्यांचा स्वतःवरचा विश्वास घालवला हे मला माहीत नव्हतं. दाढी करताना आरशात बघवत नाही.

ऑफिसचं सांगतो. मी दुरुस्तीचा अर्ज दिला. जुना अहवाल रद्द, कारण परीक्षकाची चूक, शेरा खोटा. साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "तुमचे चार महिने राहिलेत. नव्या चाचणीत पास झालीच आहे, तेवढं पुरे की. जुनं कशाला उकरता?" मी म्हटलं, जुन्या कागदावर एक माणूस लबाड आहे, नव्या कागदाने तो सरळ होत नाही. त्यांनी अर्ज घेतला. माझ्या जुन्या दोनशेच्या वर चाचण्या आता तपासायला काढणार आहेत. काढू देत. शेजारच्या टेबलावरचा परवा मला 'काटेसाहेब' म्हणता म्हणता अडखळला आणि नुसतं 'साहेब' म्हणाला.

मिस्त्री हॉल बघायला यायचं म्हणतात, असं तू शेवटी लिहिलंस. समितीलाही नव्या कागदावर त्यांची सही हवीच आहे. दहा तारखेला सकाळी अकराला मी तिथे असेन. तू येणार नाहीस हे कळलं. पुढे तू काही लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही.

दादा


११ जून

ठके,

काल काय झालं ते मिस्त्रींनी तुला सांगितलं असेल किंवा नसेल. ते दोन वाक्यांत सांगतील म्हणून मी लिहितो.

चेंडू मी आदल्या दिवशी दुपारीच आत नेऊन ठेवला होता. ते आले ते चप्पल बाहेर काढूनच आत आले. केस सगळे पांढरे झालेत, हे तू लिहायला हवं होतंस. मी दारात त्यांना ओळखलंच नसतं. मी पाठ करून आणलेलं सगळं विसरलो आणि म्हटलं, "मिस्त्री, मी चुकलो." ते म्हणाले, "आधी चेंडू टाका."

टाकला. पाच जागा, पाच-पाच वेळा. त्यांनी पट्टीकडे पाहिलंही नाही, मान खाली घालून नुसता आवाज ऐकत होते. शेवटचा झाल्यावर म्हणाले, "किती?" मी म्हटलं, शहाण्णव टक्के. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते.

मग उठून दाराच्या डाव्या अंगाला गेले, टाचेने दोनदा ठोकलं आणि म्हणाले, "आता इथे टाका."

मी म्हटलं, "ती जागा चाचणीत येत नाही. पाच ठरलेल्या आहेत."

"नसू दे. टाका."

त्र्याण्णव सेंटिमीटर आले. पुन्हा टाकला, त्र्याण्णवच. पास व्हायला नव्वद टक्के, म्हणजे साडेचौऱ्याण्णव सेंटिमीटर लागतात.

"फळ्यांखालची आडवी पट्टी तिथे कमी पडली होती," ते म्हणाले. "लाकूड संपलं होतं, दोन तुकडे जोडून घातले. मला माहीत होतं. तुम्हाला त्या संध्याकाळी दाखवणारच होतो, पण तुम्ही चहालाही थांबला नाहीत. मग सकाळी तुमचा आकडा आला, सगळीकडे अठ्ठ्याऐंशी. मला वाटलं, एका जागी मला दिसली ती चूक माझ्या हातातच असणार. सगळीकडे झाली असेल. मला दिसली नाही, तुमच्या काट्याला दिसली."

ठके, मला रडू आलं. साठीला टेकलेला माणूस हॉलच्या मध्यावर रडला, रखवालदारासमोर. मी ज्या माणसाला कागदोपत्री लबाड केलं तो स्वतःची एकुलती एक चूक दाखवायला त्या दिवशी दारात थंडीत उभा होता. एक प्रश्न विचारायचा होता मी. एक कप चहा प्यायचा होता.

मी म्हटलं, "ही जागा कागदावर घ्यायची गरज नाही."

ते पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. "कमी आहे ना? मग लिहा. तेव्हा नसलेलं लिहिलंत, आता असलेलं सोडता?"

लिहिलं. शेऱ्यात लिहिलं: दाराच्या डावीकडील जागा कमी भरते, ठेकेदाराने हा दोष स्वतः दाखवला. त्याखाली जुन्या शेऱ्याबद्दलची माझी कबुली लिहिली आणि कागद त्यांच्यापुढे केला.

नऊ वर्षांपूर्वीच्या कागदावरही त्यांची सही आहे. तेव्हा मी कागद पुढे केला, त्यांनी विचारलं, "कुठे करू दादा?" आणि मी बोट ठेवलं तिथे न वाचता केली. माझ्या त्या ओळीखाली.

काल मी बोट ठेवलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. खाली जमिनीवर मांडी घालून बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. तारीख वाचली. चौकोन एकेक करून वाचले. चेंडू आत किती वाजता ठेवला ते मला विचारलं आणि रखवालदारालाही विचारलं. आकडे पट्टीशी ताडून पाहिले. शेरा दोनदा वाचला. वीस मिनिटं लागली असतील. मी हातात पेन धरून तिथेच उभा राहिलो.

दादा